हद्दीबाहेरचा मुराळी

आमच्या क्लबच्या वार्षिक सभेत एक गोष्ट ठरलेली असायची. मी सेक्रेटरी म्हणून अहवाल वाचायला उभा राहायचो आणि ‘क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोठा मासा’ या वाक्यापाशी आलो, की हिलालभाऊ खुर्ची सरकवून उठायचे आणि पाणी प्यायला बाहेर जायचे. टाळ्या वाजायच्या तेव्हा ज्यांच्यासाठी वाजायच्या तेच जागेवर नसायचे. सभासद एकमेकांकडे बघून माना डोलवायचे, काय हा विनय! मीही तेच समजत होतो. विनयबिनय काही नव्हता. माणूस लाजेनं बाहेर जात होता.

आधी क्लबबद्दल सांगतो, नाहीतर तुम्ही हसायला लागाल. जळगावात फ्लाय फिशिंग क्लब होता म्हटलं की आजही लोक हसतात. भुसावळला रेल्वेत गार्ड असलेले डिकॉस्टा साहेब निवृत्तीनंतर जळगावात राहायला आले आणि त्यांनी आम्हा पाच-सहा रिकामटेकड्यांना हे वेड लावलं. गळाला गांडूळ लावायचं नाही, कणकेची गोळी लावायची नाही. कोंबड्याचं पीस आणि रेशमी दोरा गुंडाळून खोटी माशी बनवायची, आणि लांब दोरी डोक्यावरून मागेपुढे झुलवत ती माशी पाण्यावर इतकी अलगद उतरवायची, की माशाला वाटावं खराच किडा पडला. रविवारी सकाळी मेहरूण तलावावर आमचा हा सराव चालायचा. फिरायला आलेल्या एका आजोबांनी बराच वेळ बघून विचारलं होतं, “पतंग कुठंय?”

क्लबचा नियम एकच होता, आणि तो फोटो स्टुडिओवाल्या ज्ञानचंद शेठनी घालून दिला होता. शेठ जैन. नदीची हवा आणि आमची संगत त्यांना आवडायची, पण मासा मेला तर पुन्हा येणार नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. म्हणून मासा धरायचा, वजन करायचं, शेठनी फोटो काढायचा आणि लगेच पाण्यात सोडायचा. मग मी बातमी लिहून इथल्या पेपरात द्यायचो. पेपरवाले ती बाजारभावाच्या खाली छापायचे.

या सगळ्यांत खरा हात कोणाचा असेल, तर तो हिलाल चुडामण पाटील यांचा. वीज मंडळात लाइनमन. पिंप्राळ्यात दोन खोल्यांचं घर, दारात लूना. तारेवरून दोर अचूक फेकायचा हा त्यांचा रोजचाच धंदा, त्यामुळे आम्हाला जे वर्षभरात जमलं नाही ते त्यांना दोन रविवारांत जमलं. डिकॉस्टा साहेब त्यांच्या फेकीकडे बघत राहायचे. एरवी चारचौघांत मान खाली घालून बसणारा हा माणूस हातात गळाची काठी आली की ताठ व्हायचा. त्या फेकीचा त्यांना गर्व होता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

अठ्ठ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत आम्ही तापीवर स्पर्धा ठेवली, यावल तालुक्यात, भोकरखेड्याच्या खालच्या अंगाला. जागा हिलालभाऊंनीच सुचवली होती. ते त्यांच्या थोरल्या बहिणीचं सासर, हे आम्हाला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं.

भोकरखेड्याच्या घाटाखाली डोह आहे, आणि त्या डोहातले मासे देवाचे. गावातलं कोणी त्यांना हात लावत नाही. घाटावर महादेवाचं देऊळ आहे. रोज सकाळी एका घरानं त्या माशांना मुरमुरे घालायचे, हा त्या घराचा मान. घरं ठरलेली, वार ठरलेले. हिलालभाऊंच्या बहिणीच्या, कमलबाईंच्या घराचा मान रविवारी. घाटाच्या शेवटच्या पायरीपासून थोडं खाली एक शेंदूर लावलेला दगड आहे. तिथवर देवाची हद्द. दगडाच्या खाली कोणीही मासे धरावेत.

हिलालभाऊंना हे लहानपणापासून माहीत होतं. आई लवकर गेली, त्यांना वाढवलं ते या कमलबाईंनी, त्यांच्या अक्कांनी. बाजारातून येताना पदराच्या गाठीत मुरमुरे आणायच्या आणि सगळे यालाच द्यायच्या. त्यांचं लग्न झालं तेव्हा हा पोरगा बैलगाडीमागे शिवेपर्यंत रडत गेला होता. नंतर शाळेच्या सुट्टीत महिना महिना भोकरखेड्यालाच राहायचा, आणि घाटावर अक्कांच्या शेजारी बसून त्यानं स्वतःच्या हातानं त्या माशांना मुरमुरे घातले होते.

आणि याच माणसानं स्पर्धेसाठी एक खास माशी बनवली. बाटलीचं बूच मुरमुऱ्याएवढं तासलं, त्यावर पांढरा दोरा गुंडाळला, गळ आत लपवला. पाण्यावर टाकली की हुबेहूब मुरमुरा. आम्हाला दाखवली तेव्हा आम्ही वाहवा केली. स्पर्धा रविवारी ठेवा, हाही त्यांचाच आग्रह. आम्हाला वाटलं, रविवार म्हणजे सुट्टी.

त्या सकाळी बाकीचे आम्ही खालच्या वळणावर पसरलो होतो. हिलालभाऊ एकटे वर गेले. शेंदराच्या दगडाच्या खाली, बाभळीआड उभे राहिले. पाय हद्दीबाहेर, पण त्यांची फेक दगड ओलांडून वर जात होती. घाटावर अक्का मुरमुऱ्यांची टोपली घेऊन बसल्या होत्या. थोड्या वेळानं हिलालभाऊ पाण्यातून धावत खाली आले, जाळीत महाशीर घेऊन. जुना मासा, शेपटीला एक खाच. काट्यावर साडेचार किलोच्या वर भरला. आम्ही नाचलो. शेठनी फोटो काढला आणि म्हणाले, “बस, सोडा आता.” हिलालभाऊ म्हणाले, “शेठ, टोपी वाकडी होती, अजून एक काढा.” शेठनी अजून एक काढला. मग पाण्यात सोडला तर मासा उलटा झाला. हिलालभाऊ गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहून त्याला पुढेमागे हलवत राहिले, पण तो गेलाच. धारेनं त्याला नेलं. ज्ञानचंद शेठ पुढं क्लबमध्ये आले नाहीत. पण दुसरा फोटो त्यांनी धुऊन पाठवला. बातमी मी लिहिली. ‘हिलालभाऊंची अचूक फेक’ असा मथळा दिला.

मासा कुठल्या डोहातला हे आम्हाला त्यांनी सांगितलं नाही. स्वतःला मात्र ते रोज सांगत होते, मी हद्दीबाहेर उभा होतो. खांबावर चढताना, जेवताना, झोपताना तेच. मासा मारायचा नव्हताच, तो मेला, हेही सांगत होते. पण स्वतःला फसवायचं म्हटलं तरी कोणीतरी फसणारं लागतं, आणि ते मिळत नव्हतं.

मग अखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात अखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्यांना आणायला माहेरचं माणूस जातं, तो मुराळी. अक्कांच्या लग्नानंतर एकही वर्ष असं गेलं नव्हतं की हिलालभाऊ अक्कांना आणायला मुराळी म्हणून गेले नाहीत. त्या वर्षी पाय निघत नव्हता. बायकोनं पिशवी हातात दिली तेव्हा यावलच्या एस.टी.त बसले.

भोकरखेड्याला पोचले तर ओट्यावर अक्कांच्या सासूबाई, झुंबरबाई. पाणी दिलं, पण तोंड उतरलेलं.

“कमल यंदा येवाव नही, भाऊ,” त्या म्हणाल्या. “घरना मान जाई ऱ्हायना. बठ्ठं गाव बोली ऱ्हायनं.”

“काय व्हयनं, आत्या?”

“म्हातारी गयी. आपला वारनेच गयी. तवयपासून एक बी मासा वर येत नही.”

म्हातारी म्हणजे तो खाचेच्या शेपटीचा मासा. गाव त्याला म्हातारी म्हणायचं आणि ती आधी आली की मगच बाकीचे यायचे. आता कोणाच्याही मुरमुऱ्याला मासा वर येत नव्हता. ज्या दिवशी म्हातारी दिसेनाशी झाली तो दिवस अक्कांच्या सासरच्या पाटलांच्या मानाचा, तेव्हा त्यांच्याच सुनेच्या हातात काही खोट, असं गावानं ठरवलं होतं. घाटावर त्याच दुपारी बैठक होती. पाटलांचा मान काढून दुसऱ्या घराला द्यायचा होता.

अक्का आतून चहा घेऊन आल्या. वाळल्या होत्या. तरी “कवय निंघना? जेवना का?” असं नेहमीचं विचारत होत्या. त्यांनी ताट वाढलं, वर तुपाची धार सोडली. हिलालभाऊ पुढं मला सांगत होते, “त्या ताटासमोर बसलो ना, तेव्हा वाटलं जमिनीनं गिळावं. तिच्या हाताला गाव खोट म्हणत होतं आणि तोच हात मला वाढत होता. आणि मी जेवलो हो. नाही म्हणायचीही लाज वाटली.”

बैठकीला ते गेले. पायऱ्यांवर बाप्ये, वर देवळाच्या कठड्याशी बाया, त्यांत डोक्यावर पदर घेतलेल्या अक्का. गावातले वडीलधारे निंबा आबा बोलत होते. घरात काही विटाळ झाला का, कोणाचा नवस राहिला का, असं कमलबाईंना विचारत होते. अक्का जमिनीकडे बघत गप्प उभ्या होत्या. काहीच बोलत नाही म्हणजे खोट आहेच, असं कोणी तरी म्हणालं. तेव्हा हिलालभाऊ उठले.

“आबा, अक्कानी चूक नही शे. मासा मी धरा. माले फोटो काढना व्हता. मरी गया.”

आणि मग, सगळं बोलून झाल्यावर, तोंडून ते वाक्य निघालंच, जे ते अडीच महिने घोकत होते.

“पन मी हद्दना बाहेर उभा व्हतो.”

निंबा आबांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. “पाय बाहेर व्हतात,” ते म्हणाले. “हात कोठे व्हता?”

कोणी मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं हिलालभाऊ म्हणायचे. आबांनी एवढंच सांगितलं, की पाटलांचा मान पाटलांकडेच राहील, बाईचा हात चांगला आहे. “पन तू आते ह्या गावनी शीवमा पाय ठेवू नको. बहीणले लेवाले उना तरी शीवबाहेर उभा ऱ्हाय. तुले सवय शे.” हे ऐकून मात्र दोघं-तिघं हसले.

अक्कांनी कपडे पिशवीत भरले आणि भावाबरोबर निघाल्या. एस.टी.त खिडकीशी बसल्यावर हिलालभाऊंनी कसंबसं म्हटलं, “अक्का, माले माफ कर.”

अक्का बाहेर केळीच्या बागांकडे बघत होत्या. म्हणाल्या, “मी तुले देखं व्हतं, भाऊ. त्या दिनले. बाभूयना मांगे.”

हिलालभाऊंना कळेना. “मंग गावले सांगं का नही?”

“काय सांगू? मन्हा भाऊ व्हता म्हनू?” मग त्या म्हणाल्या, “तुन्हा हातमा काय शे ते माले समजनं नही. मी म्हनं, भाऊ एवढा दूरथीन उना, लाजी ऱ्हायना, घाटवर येत नही. त्याले म्हातारी जोडेथीन देखू दे. म्हनीसन मी मूठ तुन्हाकडे फेकी.”

त्यांनी मुरमुऱ्यांची मूठ खाली, दगडाकडे, बाभळीकडे टाकली होती. भावाला मासा जवळून दिसावा म्हणून. म्हातारी त्या मुठीमागे खाली आली होती.

हे सगळं त्यांनी मला सांगितलं ते पाच वर्षांनी. तो फोटो मोठा करून फ्रेममध्ये घालून क्लबच्या भिंतीवर लावायचं ठरलं होतं, आणि मी मोठ्या हौशीनं ते सांगायला पिंप्राळ्याला गेलो होतो. तोवर त्यांनी काठीला पुन्हा हात लावला नव्हता. सभेला यायचे ते एवढ्याचसाठी, की आले नाहीत तर लोक कारण विचारतील. दर अखाजीला ते भोकरखेड्याच्या शिवेवरच्या एस.टी. थांब्यावर उन्हात उभे राहतात आणि अक्का पिशवी घेऊन गावातून एकट्या चालत येतात, हेही त्यांनी सांगितलं. मासे वर यायला लागले का, असं मी विचारलं. म्हणाले, “अक्काला कसं विचारू?”

“मासा आला तो माझ्या फेकीमुळं, असं वाटलं होतं,” शेवटी ते म्हणाले. “एवढी एकच गोष्ट मला येत होती हो. तीही माझी नव्हती.”

फोटो लावला नाही. पुढच्या सभेत अहवालातून मी ते वाक्यच काढून टाकलं आणि थेट जमाखर्चाकडे वळलो. कोणाच्या लक्षातही आलं नाही. पण हिलालभाऊ खुर्ची सरकवून उठले आणि पाणी प्यायला बाहेर गेले.