कागद आधी, चावी नंतर

चावी तुम्ही हरवलीत. गाडीबरोबर दोन मिळाल्या होत्या. एक कुणाच्या तरी लग्नात पडली, दुसरी कुठे ठेवली ते आठवेना. मग आमच्याकडे आलात. आम्ही उन्हात उभं राहून नवी करून दिली. आणि निघताना काचेतून मान बाहेर काढून विचारलंत, "काय हो, हिची अजून एखादी करून तुमच्याकडे ठेवली नाही ना?" हसत विचारलंत, पण विचारलंत! नाव घेत नाही. घ्यायला लागले तर निम्मं संगमनेर घ्यावं लागेल.

असे किस्से साठत जातात. आमच्या खोक्यात जुन्या चाव्या साठतात तसेच. कुठल्या कुलपाच्या आहेत ते माहीत नसतं, पण फेकवत नाहीत.

चार वर्षं मी रशीदचाचांबरोबर काम करते. चाचा चाळीस वर्षं चाव्या बनवतात, त्यातली निम्मी नुसत्या कानशीवर. मग गाड्यांच्या चाव्यांत चिप आली. दात कितीही बरोबर घासा, गाडीनं चिप ओळखली नाही तर इंजिन सुरू होत नाही. ही ओळख करून देणं म्हणजे प्रोग्रामिंग, आणि ते माझं काम. इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीएस्सी झाल्यावर घरच्यांनी बँकेच्या परीक्षांचे फॉर्म आणले. मी लॅपटॉप उचलून चाचांच्या गाळ्यात जाऊन बसले. चाचा मला 'इंजिनिअर' म्हणतात. मी इंजिनिअर नाही, हे सांगून सांगून थकले.

दुकानाचा नियम एकच. चाचांनी स्वतः भिंतीवर लाल रंगात लिहिलेला: कागद आधी, चावी नंतर. आरसी बुकवर ज्याचं नाव, त्यालाच चावी. ओळखीचा असो, पाहुणा असो, पुढारी असो.

ती भिंत आता आमची नाही. सध्या आमचं दुकान म्हणजे नाशिक-पुणे रस्त्याच्या कडेला उभी केलेली चाचांची जुनी ओम्नी. गाळा का गेला, ते ओघानं येईलच.

*

हा नियम आला कुठून? मी यायच्या आधीची गोष्ट. गावातून एक जीप चोरीला गेली. गावात जीप चोरीला गेली की पहिला फोन कुणाला? चावीवाल्याला! चाचांना सकाळी नऊला ठाण्यात बोलावलं आणि बाकड्यावर बसवलं. विचारलं काहीच नाही. नुसतं बसवलं.

दुपारी बाहेर गडबड उडाली. साहेबांच्या गाडीची चावी आत राहिली आणि दरवाजे लॉक झाले. हवालदार पट्टी घेऊन काचेत खुडबुड करायला लागला. साहेब ओरडले, "अरे, काच फोडतोस का? तो चावीवाला आत बसलाय ना, त्याला बोलव!"

चाचा उठले. दोन मिनिटांत दार उघडलं. साहेब खूश. पाठीवर थाप मारली, म्हणाले, "वा चाचा! हात आहे का मशीन!"

चाचा घरी जायच्या हिशेबानं चप्पल सरळ करायला लागले, तर साहेब म्हणाले, "हां, आता बसा परत."

संध्याकाळी कळलं, जीप चावीनं गेलीच नव्हती. चोरानं ती चक्क ओढून नेली होती. चाचांना 'जा' म्हणायचं मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही. ते आपणच उठून आले आणि येताना लाल रंगाचा डबा घेऊन आले.

*

सगळेच किस्से असे नाहीत. काहींवर हसूही येतं.

डेअरीतले एक सुपरवायझर विसर्जनाला प्रवरेच्या घाटावर गेले. गुडघाभर पाण्यात वाकले आणि वरच्या खिशातली चावी बाप्पाबरोबर गेली. आमच्याकडे आले ते ओल्या पँटनंच.

मी विचारलं, "दुसरी चावी घरी असेल ना? ती आणा, काम सोपं होईल."

"दुसरी पण गेली."

"ती कधी?"

"आत्ताच. हिच्याच रिंगमध्ये होती!"

शोरूमवाल्यांनी पूजेच्या दिवशी दोन्ही चाव्या एका रिंगमध्ये घालून ताटात ठेवल्या होत्या. या गृहस्थांनी तीन वर्षं ती रिंग सोडली नाही. सोडली तर अपशकुन, असं आईनं सांगितलं होतं म्हणे. आमच्याकडे येणाऱ्या दहांतले चार या जातीचे. स्पेअर चावीचा अर्थच कुणी यांना सांगितलेला नाही!

मी दोन नव्या चाव्या केल्या. दोन वेगळ्या रिंगमध्ये घातल्या. एक खिशात, एक कपाटात, असं लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि माझ्यासमोरच दुसरी चावी काढून पहिलीच्या रिंगमध्ये सरकवली.

"अहो, काय करताय?"

"वेगवेगळ्या ठेवल्या तर एखादी हरवंल ना, मॅडम!"

*

आणि हा एक माझ्या वाट्याचा. अकोले तालुक्यातला एक बागायतदार मोठी गाडी घेऊन आला. मी लॅपटॉप जोडायला लागले तसा म्हणाला, "राहू द्या ताई. मुलगा आला की करू."

मी म्हटलं, "कुठला मुलगा?"

"प्रोग्रामिंगवाला."

चाचा शांतपणे म्हणाले, "मुलगा न्हाई. हीच करती."

"मला घाई न्हाई. थांबतो मी."

थांबला! दीड तास गाडीला टेकून थांबला. मग बायकोचा फोन आला, तिनं काय सुनावलं कुणास ठाऊक, पण आमच्याकडे येऊन म्हणाला, "बरं, करा. पर जपून."

वीस मिनिटांत गाडी सुरू झाली. त्या वीस मिनिटांत चाचा समोरच्या टपरीवर चहा पीत होते. गाडीचा आवाज ऐकल्याबरोबर हा धावत टपरीवर गेला आणि चाचांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "मानलं चाचा! काय जादू हाय हो तुमच्या हातात!"

चाचांच्या हातात तेव्हा अर्धं बिस्कीट होतं.

*

कॉलेजात आम्हाला मूल्यशिक्षण शिकवणारे एक सर होते. मी त्यांच्यावर फिदा होते, खोटं कशाला सांगू. सचोटी, सार्वजनिक जीवन, नागरिकाचं कर्तव्य. बाकीची पोरं-पोरी मोबाईल बघत असायची आणि मी वहीत उतरून घ्यायचे. अजून आहे ती वही.

गेल्या वर्षी सर दुकानात आले. मी उठून उभी राहिले, खुर्ची पुसली. सर म्हणाले, गाडीची एक चावी करून हवी आहे. मी आरसी मागितलं. नाव त्यांच्या धाकट्या भावाचं.

"सर, ही गाडी तुमची नाही."

"अगं, घरातलीच आहे. वाटण्यांचं चाललंय आमचं. तो गाडीला हात लावू देत नाही. आत्ता झोपलाय, म्हणून घेऊन आलो. पटकन कर."

"भाऊ येऊ देत, सर. लगेच करते."

सरांचा चेहरा बदलला. "तू माझी विद्यार्थिनी ना? मला कागद विचारतेस? इतकी प्रामाणिक कधीपासून झालीस?"

"तुमच्या तासापासून, सर."

वाटलं, शरमतील. निदान खाली बघतील. सर खरोखर गोंधळले आणि म्हणाले, "पण तो विषय तर परीक्षेला नव्हता!"

*

आता आमचे गाळामालक. गावात वजन असलेला माणूस. दारात तीन गाड्या. एक दिवस पांढऱ्या गाडीतून आले. पुढच्या सीटवर त्यांची बॅग. मागच्या सीटवर, खताच्या दोन गोण्यांच्या मधे, त्यांची म्हातारी आई. गाडी बंद केली, एसी बंद, काचा वर, आणि स्वतः उतरून दुकानात आले.

"चाचा, एक जीप आहे. माझ्या आवारात उभी आहे. चावी करून द्या."

"कागद?"

"कागद मागू नका."

"जीप कोनाची मालक?"

"ते तुम्हाला काय करायचंय? हा गाळा कोणाचा?"

"तुमचाच."

"मग झालं तर! माझ्यावर एवढा विश्वास नाही?"

चाचा हळूच म्हणाले, "गाळ्याच्या करारावर तुमी माझ्या चार सह्या घेतल्या, दोन साक्षीदार घेतले. आमी तर फकस्त आरसी बुक मागतो."

मी तेवढ्यात पाण्याची बाटली घेऊन गाडीकडे गेले. दार उघडलं. म्हातारी घामानं निथळत होती. अर्धी बाटली एका दमात प्यायली. मी म्हटलं, "आजी, पुढे तरी बसायचं, वारा लागतो." ती बॅगेकडे बघून नुसतं हसली.

दुकानात परत आले तेव्हा मालक भिंतीवरचा लाल नियम मोठ्यानं वाचत होते, शाळेत वाचायला लावतात तसा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे ज्याच्या नावावर गाडी, त्यालाच चावी. बरोबर?"

"बरोबर."

"बघतो किती दिवस चालतंय. पुढच्या महिन्यात करार संपतोय तुमचा."

ते गेल्यावर चाचा म्हणाले, "इंजिनिअर, तू गप बस. म्हैनाभर जरा नरमाईनं घेऊ. या वयात नवा गाळा कुठं बघू मी? गिऱ्हाईक मला न्हाई, जागेला ओळखतंय."

मी गप्प बसले. म्हणजे प्रयत्न केला.

*

करार संपायला आठ दिवस होते. सकाळी फोन आला. बाईचा आवाज. "गाडी दारात उभी आहे, चावी नाहीये. घरी येऊन करून द्याल का?" पत्ता सांगितला. आम्ही ओम्नीत मशीन टाकली आणि निघालो. फाटकापाशी पोचल्यावर चाचांनी ब्रेक दाबला.

"हे तर मालकांचं घर."

पांढरी गाडी अंगणात शेडखाली होती. मालकीणबाई, सुनंदावहिनी, पायरीवर उभ्या होत्या. बाजूला म्हातारी सासू सुपात शेंगदाणे निवडत बसलेली. वहिनी म्हणाल्या, "ते मोठी गाडी घेऊन नगरला गेलेत. रात्री येतील. हिच्या दोन्ही चाव्या त्यांच्याकडेच असतात, एकाच रिंगमध्ये."

चाचा चाचरत म्हणाले, "वहिनी, मालक आल्यावर करू की."

वहिनींनी एक पिशवी पुढे केली. आत आरसी बुक, आधार आणि लायसन. लायसन पाच वर्षांपूर्वीचं, एक ओरखडा नाही. आरसीवर नाव: सुनंदा. मालकांनी गाड्या बायकोच्या नावावर घेतल्या होत्या, का ते त्यांच्या सीएला विचारा.

वहिनी म्हणाल्या, "घरी येऊन सांगत होते, तुमच्या दुकानात असा नियम आहे म्हणून. हसत होते. मी विचारलं, खरंच आहे का? म्हणाले, भिंतीवर लिहिलंय."

चाचांनी आरसी घेतलं. चष्मा लावला, वाचलं. आधारशी ताडून बघितलं. परत वाचलं. मग मला शेडच्या कोपऱ्यात घेऊन गेले.

"इंजिनिअर, गाळा जाईल."

"चाचा, नियम तुमचा आहे. तुम्ही नाही म्हणा, मी मशीन ओम्नीत ठेवते."

चाचांनी परत एकदा त्या कागदाकडे बघितलं. ठाण्यात बाकड्यावर दिवसभर बसवलेला माणूस कसा बघेल तसं. मग म्हणाले, "नाव बरोबर हाय. मशीन काढ."

त्यांनी कुलपावरून दात काढले आणि चावी कापली. शेवटी कानस फिरवली आणि दात पहिल्या फटक्यात बसले. मी स्टिअरिंगखाली वायर जोडली. स्क्रीनवर प्रश्न आला, या गाड्यांना येतोच. मी वहिनींना हाक मारली.

"वहिनी, एक सांगते. आधीची एकही चावी इथे हजर नाही. नवी चावी नोंदवली की जुन्या सगळ्या पुसल्या जातात. दार उघडेल त्यांनी, गाडी सुरू होणार नाही."

"म्हणजे त्यांच्याकडची चालणार नाही?"

"नाही."

"दोन्ही?"

"दोन्ही."

अंगणात फक्त सुपातल्या शेंगदाण्यांचा आवाज होता. तोही थांबला. वहिनींनी सासूकडे बघितलं. सासूनं सुनेकडे बघितलं. चाचांनी आभाळाकडे बघितलं.

"दाबा," वहिनी म्हणाल्या.

मी बटण दाबलं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकला आणि विझला. वहिनी आत बसल्या, सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. चावी फिरवली. गाडी सुरू झाली. पुढच्या सीटवर मालकांची कुठलीशी फाईल पडली होती, ती त्यांनी उचलून मागच्या सीटवर टाकली.

तेवढ्यात पायरीवरून सूप बाजूला सरकल्याचा आवाज आला.

"थांब गं सुनंदा," म्हातारी म्हणाली, "चपला घालते. आज पुढं मी बसनार."