हाताखाली लाकूड पाहिजे

लोरेन्झआजोबा गेल्याचं त्यांच्या मुलीनं, हायकेनं, मला जिन्यातच सांगितलं. आठवडाभर मी कामासाठी एश्बॉर्न या दूरच्या शहरात होतो. परतलो तोवर दफनही होऊन गेलं होतं...

बाल्टिक समुद्राकाठच्या या लहान गावात सहा वर्षं मी त्यांचा भाडेकरू. किनाऱ्यावरचे पांढरे बंगले आणि त्यांचे कोरीव लाकडी व्हरांडे बघायला दूरदूरचे लोक येतात. दीडशे वर्षांपूर्वी ते गावातल्याच काही सुतार-गवंड्यांनी उभे केले. आजोबांचे पणजोबा त्यांतले एक. पाट्यांवर मात्र मालकांची नावं. कारागिरांची नावं उरली होती ती फक्त आजोबांकडे. ते स्वतः सुतार. रविवारी सकाळी मला घेऊन निघायचे, खांबाच्या सांध्यावरून अंगठा फिरवायचे. "हा माझ्या पणजोबांचा नव्हे. ते एवढे आळशी नव्हते!"

माझे वडील चाळीसगावकडे गवंडीकाम करतात हे ऐकून त्यांनी विचारलं होतं, "त्यांनी बांधलेली घरं तुला ओळखता येतात?"

"नाही."

"मग एवढं शिकून काय केलंस?" ते हसले, आणि त्या दिवसापासून मला शिकवायला लागले. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

घराण्यातला पहिला पदवीधर मी. हे सगळं नोंदवायचं मीच मनावर घेतलं. पण रस्त्यात उभ्यानं टिपणं काढणं मला कच्चं काम वाटे. मी तक्ता केला, रकाने आखले, त्यांना टेबलाशी बसवलं. ते कागदाकडे बघत राहिले. "इथे नाही रे आठवत. हाताखाली लाकूड पाहिजे."

"थंडी सरू दे. मग कॅमेरा घेऊन व्यवस्थित करू."

"हो, हो... व्यवस्थित," ते म्हणाले.

फेब्रुवारीत त्यांना पक्षाघात झाला. वाचा गेली. मार्चमध्ये हायकेनं आणि मी त्यांना चाकाच्या खुर्चीतून किनाऱ्यावर नेलं. डावा हात त्यांनी खांबावर ठेवला. डोळे चमकले, ओठ हलले... मी वही उघडून शेजारी बसलो होतो. खूप वेळ बसलो. शब्द आला नाही. शेवटी त्यांनीच माझी वही मिटली.

माझ्या तक्त्यात बंगले चाळीसेक आहेत, नावं तीन. गेल्या रविवारी पाय आपोआप तिकडेच वळले. कोपऱ्यावरच्या बंगल्याचा व्हरांडा उतरवत होते. जुने खांब फुटपाथवर आडवे पडले होते. मी एकाला हात लावला. लाकूड गार होतं.

"कुणाचं काम हे, माहितीये?" तिथल्या कामगारानं विचारलं.

"इथल्याच कुणाचं तरी," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि खांब उचलून गाडीत टाकला.