‘शिअर’ हा शब्द मी कुठे वापरला

नोकरीला लागलो तेव्हा माझं इंग्रजी पुस्तकी होतं. व्याकरण येत होतं, पण ऑफिसची नोट लिहायला बसलो की पेन अडायचं. ते चालतं केलं आमच्या बडे बाबूंनी. इंदुरात हेड क्लर्कला बडे बाबू म्हणतात. आमचे बडे बाबू मराठी, छत्रीबागेत राहणारे. त्यांचे आजोबा संस्थानच्या दफ्तरात होते, आणि नेटकी नोट लिहिणं हा त्यांच्या घरचा कुळाचार असावा, इतक्या निष्ठेने ते ती लिहीत.

दुपारचे डबे झाले की ते मला एक इंग्रजी शब्द द्यायचे. तो लगेच फाइलीत घालायची परवानगी नसे. आधी घरच्या गोष्टींवर तीन वाक्यं करायची: नळ, भाजी, शेजारी, काहीही. दुसऱ्या दिवशी ती म्हणून दाखवायची. शब्द आधी घरात वागवून बघ, मग सरकारात पाठव, असं ते म्हणायचे.

‘शिअर’ हा शब्द त्यांनी असाच दिला. माझं पहिलं वाक्य होतं, ‘इट वॉज शिअर लक दॅट द टॅप वॉज रनिंग.’ ते पास झालं. दुसरं होतं, भाऊ ‘शिअर लेझीनेस’मुळे नापास झाला. त्यावर ते थांबले.

“भावाला परीक्षेआधी कावीळ झाली होती ना? तूच सांगितलंस.”

मी हो म्हटलं.

“मग शिअर कसं? शिअर म्हणजे निव्वळ. दुसरं काही मिसळलेलं नाही, तिथंच तो शब्द. काढ ते.”

मी काढलं. तिसरं वाक्य काय होतं ते आता आठवत नाही.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी त्यांच्या पत्नीला महिनाभर हॉस्पिटलात ठेवावं लागलं. साहेबांची तोंडी परवानगी घेऊन बडे बाबू रोज दुपारी एक ते चार तिकडे जायचे. त्या वेळेत त्यांच्या टेबलावरचे कागद मी घ्यायचो. एका विधवा बाईंच्या प्रकरणाची फाइल अशाच एका दुपारी आली. रजिस्टरमध्ये नोंद न करता मी ती त्यांच्या टेबलावर जुन्या फाइलींचा बस्ता, म्हणजे कापडी गठ्ठा, उघडा होता, त्यात ठेवली. नोंद नंतर करू म्हटलं आणि विसरलो. बडे बाबूंनी संध्याकाळी तो बस्ता आत न बघता बांधला आणि रेकॉर्ड रूममध्ये पाठवला. फाइल तीन महिने सापडली नाही. बाईंनी वर तक्रार केली आणि वरून विचारणा आली.

साहेबांनी मला बोलावून जबाबदारी ठरवणारी नोट लिहायला सांगितली. त्यांना एक नाव हवं होतं. ते माझंही असू शकतं, हे मला दिसत होतं. मी लिहिलं की हा विलंब बडे बाबूंच्या ‘शिअर नेग्लिजन्स’मुळे झाला. हॉस्पिटल लिहिलं नाही. न केलेली नोंद लिहिली नाही. आणि आज हेही सांगायला हवं की लिहिताना फक्त भीतीच नव्हती. वाक्य छान जमलंय, याचं थोडं समाधानही होतं. साहेब म्हणाले, “भाषा अच्छी है तुम्हारी.” ते मी घरी येऊन बायकोला सांगितलं.

नोटमध्ये ‘शिअर’ नसतं, फक्त ‘नेग्लिजन्स’ असतं, तर समज देऊन प्रकरण मिटलं असतं. त्या शब्दामुळे मिटलं नाही. आरोपपत्रात माझं वाक्य जसंच्या तसं आलं. बडे बाबूंची सुपरिंटेंडेंटची बढती थांबली, ती थांबलीच. ते त्याच खुर्चीवरून चार वर्षांनी निवृत्त झाले. ती चार वर्षं आम्ही शेजारी बसलो, एकत्र चहा प्यायलो. नवा शब्द मात्र त्यांनी मला पुन्हा दिला नाही. मी ते त्यांच्या वयावर घातलं.

आता त्या खुर्चीवर मी आहे. गेल्या महिन्यात हाताखालच्या एका मुलीविरुद्ध नोट लिहीत होतो. तिने एका पत्राचं उत्तर पाठवायचं राहू दिलं होतं. लिहिता लिहिता माझ्या हातून तेच दोन शब्द त्याच क्रमाने उतरले. तिला मी काही विचारलंही नव्हतं. मी तो कागद फाडला, तिला बोलावून विचारलं, आणि रविवारी सकाळी छत्रीबागेत गेलो.

दार मुलाने उघडलं. त्याचं बडा गणपतीजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. “अरे भिया, आओ आओ,” म्हणत त्याने मला आत नेलं. बडे बाबू खिडकीशी बसले होते. आता ऐंशीच्या जवळ आलेत. मुलगा आत चहा ठेवायला गेला आणि तिथूनच म्हणाला, “बाबा, सकाळची गोळी घेतली का? की तीपण विसरले?” मग मला ऐकवत म्हणाला, “यांचं असंच आहे भिया. ऑफिसातपण फाइल हरवून बसले होते, तुम्हाला तर माहीतच आहे.”

ते सहज बोलणं होतं, रोजचं. बडे बाबूंनी मान वर केली नाही. गोळीचं पाकीट उचलून त्यातली रिकामी जागा मला दाखवली आणि परत ठेवलं.

मी त्यांना हळूच सांगायला लागलो, तर त्यांनी हाताने थांबवलं.

“आरोपपत्राला नोटची कॉपी जोडतात. अक्षर ओळखलं मी.”

मग तुम्ही काही बोलला का नाहीत, असं मी विचारलं. ते म्हणाले की तू येऊन सांगशील, असं वाटलं होतं. दोन वर्षं वाट पाहिली, मग सोडून दिलं. आवाजात राग नव्हता. त्यामुळे मला काही सोपं झालं नाही. मी माफी मागितली, तेव्हा ते म्हणाले, “मला काय सांगतोस? मला माहीत आहे. याला सांग.”

मुलगा चहाचे कप घेऊन उभा होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. फाइल बस्त्यात मी ठेवली होती. नोंद मी केली नाही. तुझे बाबा त्या वेळी रोज हॉस्पिटलात असायचे, आणि हे माहीत असून मी नोटमध्ये लिहिलं नाही. बस्ता न बघता बांधणं एवढीच त्यांची चूक होती.

त्याने कप खाली ठेवले. तेव्हा तो भोपाळला शिकायला होता, एवढं मला आठवलं.

“आई जाईपर्यंत म्हणत होती,” तो म्हणाला, “माझ्यापायी यांची बढती गेली, माझ्या आजारात यांचं कामावरून लक्ष उडालं. तुम्ही दोन ओळी सांगितल्या असत्या ना भिया, तर ती ते घेऊन गेली नसती.”

त्यांच्या पत्नी हॉस्पिटलातून घरी आल्यावर सात वर्षं होत्या. त्या सात वर्षांत मी या घरी दोनदा जेवलो होतो, त्यांच्या हातचं. या सगळ्या हिशेबात त्या कधी माझ्या डोक्यात आल्याच नव्हत्या.

बडे बाबू म्हणाले की तुझ्यामुळे नाही, असं मी तिला सांगत होतो, पण नवरा आपली समजूत घालतोय असंच तिला वाटायचं.

मुलगा त्यांच्यासमोर वेताच्या मोढ्यावर बसला. माझ्याकडे पाहिलं नाही त्याने. “रोज जायचात दुपारी?” त्याने वडिलांना विचारलं.

“रोज. एक ते चार.”

“काय करायचात तिथं?”

“काही नाही रे. तिला जेवण जायचं नाही. मी समोर बसून माझा डबा खायचो, मग ती दोन घास घ्यायची.”

“हे मला कधी सांगितलं नाही तुम्ही.”

“तू कधी विचारलंस?”

मुलगा त्यावर थोडा हसला, डोळे पुसत. मग वॉर्ड कुठला होता, जायचे कसे, स्कूटर तेव्हा होती का, असं एकेक विचारत गेला. बडे बाबू आठवून आठवून सांगत होते, आवाज हळूहळू मोठा होत होता. त्या बोलण्यात माझं काही काम नव्हतं. मी निघतो म्हटलं, ते दोघांपैकी कुणाला ऐकू गेलं नसावं. चपला घालून मी जिना उतरलो.