हिल्डाच्या घरचा चहा

हिल्डा एन्टविसलच्या हातचा चहा म्हणजे चमचा उभा राहील असा, हे थॉर्नक्लफ गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मयत असो, संपाची सभा असो की चर्चमधलं लग्न, मोठी किटली तिच्याच हाती असायची. टॅनर्स रो या गल्लीत नऊ नंबरच्या घरात ती जन्मली आणि लग्न होऊन समोरच्या चौदा नंबरात गेली. "माझं माहेर सोळा पावलांवर," असं ती सांगायची. पंचावन्न वर्षांत तिने पाहिलेलं जग जेमतेम तेवढंच होतं. त्या जगात एकच मोठा माणूस येऊन तिच्या पुढच्या खोलीत बसायचा. तो मोठा कसा झाला हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, कारण तो तिच्या नवऱ्याच्या हातांवर मोठा झाला होता.

नवरा आर्थर गावातल्या पांढऱ्या कारखान्यात होता. तिथे रंगासाठी शिशाची भुकटी तयार व्हायची आणि संध्याकाळी माणसं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी बाहेर पडायची. तिथल्या कामाच्या अकराव्या वर्षी आर्थरची मनगटं लुळी पडली. हात पुढे केला की पंजा खाली लोंबायचा. शर्टाची बटणं हिल्डा लावायची. कारखान्याने त्याला कामावरून काढलं आणि वर कळवलं की आजाराशी आमचा संबंध नाही.

नुकसानभरपाईची केस घेतली फिलिप थ्रेलफॉलने. कापडवाल्या थ्रेलफॉलचा हा धाकटा, एकोणतीस वर्षांचा, मँचेस्टरला नुकती वकिली सुरू केलेला. पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याच्या कोटाचे कोपर झिजलेले होते. त्याने दोन कप चहा घेतला, तिसरा मागितला आणि म्हणाला, "मिसेस एन्टविसल, असा चहा माझी आईसुद्धा करत नाही." हिल्डाने त्या रात्री आर्थरला सांगितलं, हा पोरगा आपल्यातला आहे.

न्यायालयात थ्रेलफॉलने घरून आर्थरचा कप आणवला होता, निळ्या कडेचा. तो काठोकाठ भरून आर्थरपुढे ठेवला आणि म्हणाला, "मिस्टर एन्टविसल, उजव्या हाताने उचला." कप हलला, कलंडला, चहा कागदांवर सांडला. न्यायमूर्तींनी मान खाली घातली आणि केस तिथेच जिंकली गेली. घरी येताना बसमध्ये आर्थर एवढंच बोलला, "दोन्ही हातांनी उचलला असता मी. आणि अर्धा भरला असता तर एका हातानेही." हिल्डा म्हणाली, "जिंकलो ना?"

पुढच्या वर्षी थ्रेलफॉल निवडणुकीला उभा राहिला. उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून पहिली सही कुणाची, तर हिल्डा एन्टविसलची. तिने ती अभिमानाने केली. नगरभवनाच्या फलकावर अर्ज लागला तेव्हा ती माउरीनला, आपल्या लेकीला, बोट धरून घेऊन गेली आणि नाव दाखवून आली. ती धरून सहा निवडणुका झाल्या आणि सहाही वेळा पहिली सही तिचीच होती.

आर्थर दुसऱ्या निवडणुकीआधीच गेला. कपाची गोष्ट मात्र राहिली. हिल्डा दर वेळी पहिल्या रांगेत बसून ती ऐकायची. पहिल्या सभेत चहा सांडला आणि न्यायमूर्तींनी मान खाली घातली, एवढंच होतं. तिसऱ्या निवडणुकीत न्यायमूर्ती चष्मा पुसू लागले. चौथ्या वेळी आर्थर रडला. आर्थर जन्मात कुणापुढे रडला नव्हता. पाचव्या वेळी आर्थर म्हणाला, "साहेब, माझ्या पोरांसाठी लढा." त्यांना एकच पोर होती, तीही मुलगी. हिल्डाने शेजारणीच्या कानात सांगितलं, "पुढच्या खेपेला हा आर्थरला गायला लावणार." शेजारीण हसली. हिल्डाही हसली. सभेनंतर तिने सगळ्यांना चहा दिला आणि घरी आली.

इकडे थ्रेलफॉलची चढती कमान होती. झिजलेला कोट गेला. सरकारने मोठ्या वकिलांना देतात तो मान दिला, मग नावाआधी 'सर' लागलं. बोलणं बदललं. थॉर्नक्लफचे आखूड, ठसठशीत उच्चार जाऊन ओठ न उघडता बोलायची तऱ्हा आली, ती फक्त निवडणुकीच्या तीन आठवड्यांत पुन्हा गावची व्हायची. शेवटी तो मंत्री झाला. घरं, गटारं आणि पाणी ही खाती त्याच्याकडे आली. वर्षातून एकदा तो हिल्डाकडे यायचा, पुढच्या खोलीत बसायचा, निळ्या कडेचा कप दोन्ही हातांत धरून आर्थरबद्दल बोलायचा आणि जायचा. कप भरलेलाच असायचा. हिल्डा तो मोरीत ओतायची. मोठी माणसं, आपला चहा कडू लागत असेल, असं तिला वाटायचं.

माउरीनची मुलगी सूझन पाच वर्षांची. नवरा सोडून गेल्यावर माउरीन आईकडे आली होती आणि सपातांच्या कारखान्यात जायची. शाळेपुरती सोडली तर सूझन दिवसभर आजीपाशी असायची. दोन वर्षांपासून पोर सारखी पोट धरून बसायची. रंग मेणासारखा झाला होता. बोलताना शब्द शोधायची आणि नाही सापडला की स्वतःच्याच हाताला चावायची. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "हिला अक्षरं लागत नाहीत. वेगळ्या शाळेचा विचार करा." तरुण डॉक्टर मेंझीस याने रक्त तपासायला पाठवलं आणि कागद हातात घेऊन घरी आला.

"शिसं आहे," तो म्हणाला. "पण कुठून? कारखाना तर बंद होऊन दहा वर्षं झाली."

"आमच्या नशिबातून," माउरीन म्हणाली.

"नशीब तपासायची सोय नाही माझ्याकडे. घरात जुना रंग आहे?"

रंग सगळा खरवडून काढलेला होता. हिल्डाने थ्रेलफॉलना पत्र लिहिलं, चार पानी, दोनदा खोडून पुन्हा लिहिलेलं. पाच आठवड्यांनी टंकलेल्या तीन ओळी आल्या. पत्रातील मजकुराची नोंद घेतली आहे. थॉर्नक्लफचे पाणी ठरवलेल्या मर्यादेत असल्याचे खात्याने कळवले आहे. शुभेच्छा. पत्रात पाण्याबद्दल हिल्डाने एक अक्षर लिहिलं नव्हतं. तिने ते तेव्हा लक्षात घेतलं नाही.

मग सातवी निवडणूक आली. रविवारी दुपारी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि थ्रेलफॉल आत आले. त्यांच्यामागून सिरिल पिकप, त्यांचा निवडणूक एजंट. पिकपचं बालपण याच गल्लीत गेलेलं, हिल्डाच्याच वर्गात होता तो.

"हिल्डे, यंदा चष्मा लावून सही कर," पिकपने अर्ज टेबलावर पसरला. "मागच्या वेळी रकान्याबाहेर गेलीस."

"रकानाच लहान होता. तुझ्या डोक्यासारखा."

तिने चहा ओतला. पिकपने भुरका मारला. थ्रेलफॉलनी निळ्या कडेचा कप दोन्ही हातांत धरला. पत्रकासाठी या कपाचा फोटो हवा होता, फोटोवाला मंगळवारी येणार होता.

"साहेब, मी पत्र लिहिलं होतं," हिल्डा म्हणाली. "सूझनचं."

"वाचलं, हिल्डा. फार वाईट वाटलं. आम्ही लगेच पाणी तपासून घेतलं. मर्यादेत आहे."

"कुठलं पाणी?"

"थॉर्नक्लफचं. गावाला पाणी येतं त्या तलावावरचं."

"तलावावर कोण राहतं?"

पिकप हसायला लागला आणि थांबला. तेवढ्यात सूझन आतून आली. बिस्किट घेतलं आणि सवयीने जवळचा कप ओढला. तो थ्रेलफॉलचा होता. त्यांनी चटकन तिचा हात धरला आणि कप दूर सरकवला.

"नको बाळा. हे नको पिऊस."

किती मायेने बोलले ते. घरच्या नातवंडाला बोलावं तसं. हिल्डाला आधी वाटलं, चहा गरम आहे म्हणून. मग तिने कपाला हात लावला.

"गार आहे हा. का नको?"

"लहान मुलांनी चहा—"

"रोज पिते ती. दूधच जास्त असतं त्यात. का नको, साहेब?"

थ्रेलफॉलनी कप आणखी दूर सरकवला. केस जिंकल्यावर याच खोलीत त्यांनी हसत हसत सांगितलं होतं की साक्षीदार अडकला की पाण्याचा पेला मागतो. इथे पाणी मागायचीही सोय नव्हती.

"माझ्या घरी किती वेळा चहा प्यायलात तुम्ही?"

"हे बघा, हिल्डा—"

"किती वेळा?"

"असं कसं आठवेल?"

"मला आठवतंय. पहिल्या दिवशी दोन कप, तिसरा मागितलात. मग केस उभी राहिली. त्यानंतर वीस वर्षांत एक घोट नाही. प्रत्येक कप मी मोरीत ओतलाय."

"अगं, साहेबांचं पोट नाजूक—" पिकप मध्येच बोलला.

"सिरिल, तू पी. तुला कुणी अडवलंय?"

पिकपने आपल्या रिकाम्या कपात पाहिलं आणि तो हळूच टेबलावर ठेवला.

थ्रेलफॉलनी सूझनला बाहेर पाठवायला सांगितलं. मग खालच्या आवाजात, शब्द मोजून, ते सांगू लागले. केसच्या वेळी त्यांनी एक रसायनतज्ज्ञ नेमला होता. तो कारखान्यातली धूळ तपासायला आला आणि फाजील चोख माणूस असल्याने टॅनर्स रोच्या नळांचं पाणीही घेऊन गेला. घराघरांत आलेले पाइप शिशाचे, डोंगरावरचं मऊ पाणी त्यांना खातं. त्याने तसं लिहून दिलं. ते पान न्यायालयात गेलं असतं तर कारखाना म्हणाला असता, हा माणूस घरच्या पाण्यानेच आजारी पडला. "तुम्हाला एक पेनी मिळाली नसती. तुमच्याच भल्यासाठी ते पान बाजूला ठेवलं."

"आणि केस संपल्यावर?"

"तेव्हा सांगितलं असतं तर त्यांनी निकाल फिरवायला अपील केलं असतं."

"आर्थर गेल्यावर?"

"तेव्हा ते माझ्या हातात नव्हतं."

"मग आता? आता पाणी तुमच्याच हातात आहे ना?"

"हिल्डा, शेकडो गावांत असे पाइप आहेत. एका गल्लीला हो म्हटलं तर सगळ्यांना म्हणावं लागेल. या गोष्टी एका सहीने होत नाहीत."

हिल्डाने पेनाला टोपण लावलं.

"मग माझ्या एका सहीवाचून तुमचं काय अडणार आहे," ती म्हणाली. "उठा आता."

ते उठले. त्यांचे हात तिला दिसले, गुबगुबीत, स्वच्छ, कापलेल्या नखांचे. साबणाचा महागडा वास येत होता. गटारातली घूस पाहूनही तिला कधी अशी शिसारी आली नव्हती. दारात पिकप घुटमळला. "हिल्डे, माझी आई तीन नंबरात होती गं," तो म्हणाला. "शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू यायची नाहीत."

"अर्ज घेऊन जा, सिरिल."

दार लागल्यावर ती मोरीपाशी धावली आणि पोटातलं सगळं उलटून पडलं. चूळ भरायला तिने नळ सोडला. पाणी वाहत राहिलं. ओंजळ पुढे करवेना. याच नळाखाली तिने सूझनची दुधाची बाटली धुतली होती, याच पाण्यात दुधाची पावडर कालवली होती, पोर पोटात दुखतं म्हणून रडली की कोमट पाणी करून चमच्याचमच्याने पाजलं होतं. त्या माणसाची किळस वाटत होती ती वाटतच होती, पण आता तिला स्वतःच्या हातांकडे बघवेना. नळ बंद करून ती तशीच कडू तोंडाने बसून राहिली.

सोमवारी सकाळी ती गावातल्या सॉलिसिटरच्या कचेरीत गेली. केसची कागदपत्रं तिथूनच तयार झाली होती. म्हाताऱ्या कारकुनाने विचारलं, "मंत्र्यांची परवानगी आहे का?"

"केस कुणाची होती?"

"एन्टविसलांची."

"मी एन्टविसल. पेटी काढा."

कागद अशिलाचे असतात, हे कारकुनालाही नाकारता येईना. माळ्यावरून पेटी आली. ते पान इतर कागदांच्या तळाशी, दुमडलेलं, जसंच्या तसं होतं. एकेका घराचा नंबर आणि पुढे आकडा. चौदा नंबरचा आकडा सगळ्यांत मोठा होता. ती तिथून थेट मेंझीसकडे गेली. डॉक्टरने पान दोनदा वाचलं, टोपी घातली आणि दवाखाना अर्धा सोडून नगरभवनात गेला. त्या दिवसापासून टॅनर्स रोच्या बायका चर्चच्या नव्या, शिशाचा पाइप नसलेल्या नळावरून कॅन भरून आणू लागल्या.

थ्रेलफॉल निवडून आले. पिकपने त्या सोमवारी दुपारपर्यंतच बेकरीवाल्याच्या बायकोला सूचक म्हणून गाठलं होतं. मतं थोडी घटली, इतकंच. वर्तमानपत्रात पान छापून आलं, तेव्हा मंत्र्यांनी सांगितलं की हा जुना अहवाल नजरेस येताच आपल्याला धक्का बसला आणि आपण तातडीने आदेश दिले. दुसऱ्या वर्षी गल्ली खणली गेली, आधी विषम नंबरांची बाजू, मग सहा महिन्यांनी सम. पहिलं फावडं मारायला मंत्री स्वतः आले. हिल्डाने पडदा ओढून घेतला.

सूझनच्या रक्तातलं शिसं उतरलं. डोक्यात गेलेलं किती उतरेल, हे मेंझीसने सांगितलं नाही आणि हिल्डाने विचारलं नाही. पोर त्याच शाळेत राहिली, दोन वर्षं मागे.

आठव्या निवडणुकीचं पत्रक दाराच्या फटीतून आत पडलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पहिल्या पानावर थ्रेलफॉल फावडं घेऊन उभे होते आणि खाली टॅनर्स रोचे पाइप आपण कसे बदलले ते लिहिलं होतं. मागच्या पानावर कपाची गोष्ट होती, फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी कपाचा. हिल्डा बटाटे सोलत होती. सालं टाकायला तिने कागद ओढला, पण सूझनने तो आधी घेतला आणि बोट ठेवून ओठ हलवू लागली. एका शब्दावर बोट बराच वेळ थांबलं.

"कप," ती म्हणाली. "आजी, कप लिहिलंय. इथे पण कप. इथे पण."

न सांगता तिने वाचलेला हा पहिला शब्द होता. हिल्डाने सुरी खाली ठेवली.

"अजून कुठे आहे?" तिने विचारलं. सूझनने त्या पानावरचे सगळे कप शोधून होईपर्यंत ती थांबली. मग कागद मागून घेतला, सालं त्यात गुंडाळली आणि बादलीत टाकली.