डब्यातली साखर

कंपनीत माझं काम माल नाकारण्याचं. चाकणला गाड्यांचे पार्ट बनतात, तिथे मी क्वालिटीला आहे. केसभर ओरखडा दिसला की पार्ट लाल क्रेटमध्ये जातो. त्यामुळेच असेल, स्वतःतला दोष मात्र मी सहा वर्षं घराबाहेर कुणाला दिसू दिला नव्हता. मला ल्युपस आहे. शरीराची राखण करणारी ताकद शरीरावरच उलटते, सांधे धरतात, ताप येतो, ऊन लागलं की गालांवर लाल चट्टे उमटतात. दापोडीच्या आमच्या गल्लीत मी एवढंच सांगून ठेवलं होतं की मला ॲलर्जी आहे. आमच्याकडे बाया एरवीही तोंडाला स्कार्फ गुंडाळूनच गाडीवर बसतात, त्यामुळे ते खपून गेलं.

या आजाराला रोजची एक गोळी लागते. मुळात ती मलेरियाची, पण माझं सगळं तिच्यावर चालतं. लॉकडाऊन लागला आणि टीव्हीवर कुणीतरी सांगितलं की ही गोळी घेतली तर कोरोना होत नाही. झालं, गोळी दुकानांतून गायब. ज्यांना शिंकसुद्धा आली नव्हती त्यांनी ती घरात भरून ठेवली. मला असा संताप यायचा की बातम्या लागल्या की मी उठून भांडी आपटत बसायचे. नवरा डॉक्टरांची चिठ्ठी खिशात घालून पिंपरी, चिंचवड, पार वाकडपर्यंत फिरायचा आणि नाक्यानाक्यावर पोलिसांना चिठ्ठी दाखवायचा. ईदच्या दोन आठवडे आधी घरात बाराच गोळ्या उरल्या.

मग मी माझं डोकं चालवलं. कुणाला न विचारता गोळी अर्धी करून घ्यायला लागले. आठवडाभरात बोटं सुजली. बाटलीचं झाकण उघडेना, कणीक मळता येईना. माझी वेणीसुद्धा नवरा घालायचा आणि ती सुंभाच्या दोरीसारखी दिसायची. पण त्याला हसण्याइतकं बळ माझ्यात नव्हतं. हा आजार मूत्रपिंडावर गेला तर काय, या भीतीने सकाळी उठल्याबरोबर मी आधी पाय सुजलेत का ते बघायचे.

ईदला शेजारच्या भाभींनी नेहमीसारखा डबाभर शीरखुर्मा पाठवला. त्यांच्या मिस्टरांचं रस्त्यावर गॅरेज आहे. डबा रिकामा परत करायचा नाही, हे दोन्ही घरांना माहीत. एरवी मी त्यात पुरणपोळ्या घालून द्यायचे. या वेळी हातांनी साथ दिली नाही. शेवटी मूठभर साखर घातली आणि डबा त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून मागे सरकले.

भाभींनी झाकण उघडून साखर पाहिली, मग माझे हात पाहिले. बोटांना काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी सवयीने ॲलर्जी म्हणाले.

"म्हणून तर तुला त्या गोळ्या दिल्या नाहीत," त्या म्हणाल्या.

गॅरेजच्या एका गिऱ्हाइकाने कोरोनावरच्या म्हणून गोळ्यांचा खोका आणून दिला होता. भाभींनी गल्लीत घरटी एक पाकीट वाटलं होतं, फक्त माझं घर सोडून. ॲलर्जीवालीला औषध देऊन भलतंच काही व्हायचं, म्हणून. त्यांनी गोळीचं नाव सांगितलं, ती माझीच गोळी होती. काखेत कळसा नि गावाला वळसा, आणि तो कळसा मीच झाकून ठेवलेला. मला रडू आलं. रडत रडतच मी सगळं सांगून टाकलं.

भाभी रागाने म्हणाल्या, "सहा वर्षं? आणि शेजारी आम्ही काय मेलो होतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा माझ्या दारात होता. आत नऊ पाकिटं. काहींतल्या दोन-तीन गोळ्या कमी होत्या. एकाला कागद गुंडाळला होता, त्यावर लिहिलं होतं, 'आम्ही दोनच घेतल्या, माफ करा.' कोपऱ्यावरच्या घराने दिलं नव्हतं. भीती त्यांनाही होतीच की. मी जमिनीवर बसून एकेक पाकीट कंपनीत तपासते तसं तपासलं, नाव, मिलिग्रॅम, तारीख. एकाची तारीख उलटली होती, ते बाजूला टाकलं. बाकीच्यांचे फोटो डॉक्टरांना पाठवले. आजपासून पूर्ण गोळी घ्या, असं त्यांनी सांगितलं आणि अर्धी केल्याबद्दल फोनवरच झाडलं.

बोटं वळायला दोन महिने लागले. तोवर दुकानांत गोळ्याही मिळायला लागल्या होत्या. मुठीत कणीक धरता आली त्या दिवशी मी पुरण शिजवलं आणि दोन-दोन पोळ्या सगळ्या घरांत दिल्या, कोपऱ्यावरच्या घरातही. भाभींचा डबा मात्र काठोकाठ भरला.

आता माझी कंपनीची बस सकाळी नाक्यावर येते. मी स्कार्फ बांधून निघाले की भाभी दारातून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारतात, "गोळी घेतलीस का?" मी वळून तेवढ्याच मोठ्याने सांगते, घेतली.