ढगाआडचं इंजिन

कुठल्याही प्रश्नाचं उत्तर देण्याआधी ते हात पुसत. पुसायचं फडकं हातांपेक्षा काळं असल्यामुळे हात आणखी काळे होत. मग ते म्हणत, "बाजारावर सोडून द्या, गुरुजी."

सडक अर्जुनीला हायवेच्या कडेला, दोन ढाब्यांच्या मधे त्यांचं डिझेल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. मी तिथल्या शाळेत भूगोल शिकवायचो. शाळा सुटली की त्यांच्या बाकड्यावर चहा प्यायचा आणि दोघांनी मिळून देशाची धोरणं ठरवायची, असा आमचा नेम. असं एखादं बाकडं तुम्हीही पाहिलं असेल. तिथे ठरलेलं दिल्लीपर्यंत कधी पोचत नाही, पण ठरवणाऱ्यांचा आवाज त्यामुळे कमी होत नाही.

माझं म्हणणं, कोळसा आणि डिझेल सोडून देशाला सूर्यावर आणायचं तर ते सरकारनंच करावं लागेल. त्यांना हे मुळीच मान्य नव्हतं.

"मोबाइल का सरकारनं वाटले? तरी घरोघरी आले ना? स्वस्त झालं का लोक घेते. आता सोलरच्या प्लेटा स्वस्त होऊन राहिल्या. पाहा तुम्ही."

आणि सारी उमर डिझेलच्या वासात काढलेल्या या गृहस्थांनी साठीला सोलर पंपांची एजन्सी घेतली. दुकानावर नवी पाटी लावली : 'येथे सूर्य मिळेल.' पहिल्याच दिवशी एक ट्रकवाला आत डोकावला.

"सूर्या सेठ हैं क्या?"

यांनी बोटानं आभाळ दाखवलं. "ऊपर रहते हैं."

तो बिचारा जिना शोधत मागे गेला.

पंप मात्र एकही जाईना. लोक येत, प्लेटांवर टिचक्या मारत, चहा पीत आणि म्हणत, "योजना येऊन राहिली म्हणते, भाऊ. थांबून पाहू." योजनेचं नाव काढलं की यांचा चेहरा उतरे. "सूर्य फुकट, पंपही फुकटच पायजे. मंग मी कायले बसून राहिलो इथं?"

मी गालातल्या गालात हसायचो. तेही त्यांना दिसायचं.

शेवटी भादव्यात त्यांनी जाहीर प्रयोग करायचं ठरवलं. पाऊस दडी मारून बसला होता, धानाला पाणी हवं होतं, वेळ अगदी नेमकी होती. सौंदडच्या बाजूला एका तलावाकाठी बैलबंडीवर प्लेटा उभ्या केल्या. मंडप घातला, लग्नातला बँड बोलावला आणि प्रमुख पाहुणा म्हणून मला. बँड कशाला, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी नुसते हात पुसले.

माझं भाषण रंगात आलं आणि नेमका तेव्हाच एक जाडजूड ढग सूर्यापुढे येऊन बसला. मी घाबरलो. त्यांनी बँडवाल्यांना खूण केली. बँड जोरात वाजू लागला, आणि पाइपातून मनगटाएवढी धार सुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तर भारावून पुन्हा बोलायला उभा राहिलो.

तेवढ्यात मंडपामागच्या हिरव्या कापडावरून काळा धूर वर चढला.

पुढे एक भाजीवाली बाई बसली होती. तलावाखाली तिची वांग्या-मिरचीची वाडी. तिनं शांतपणे विचारलं, "भाऊ, तुमचा सूर्य बिडी पिऊन राहिला का?"

बँडवाले हसले. हसताना फुंकता येत नाही, त्यामुळे बँड थांबला आणि कापडामागचं डिझेल इंजिन साऱ्या तलावाला ऐकू आलं. डग डग डग डग.

ते हळूहळू गेले, इंजिन बंद केलं, परत येऊन लोकांसमोर उभे राहिले. फडकं सापडत नव्हतं, म्हणून हात सदऱ्याला पुसले.

"खोटं केलं मी. मोठा ढग आला तर हा पंप थांबते. गेला तर चालते. एवढं सांगाची हिंमत नाही झाली."

लोक हसत हसत पांगले. मला त्यांच्याकडे पाहवेना. बाई तेवढी बसून राहिली. काही वेळानं ढग सरला आणि धार आपली आपण सुरू झाली. बाईनं धारेत हात धरला.

"ढग रोज येते का?"

"नाही."

"मंग काऊन लपवलं? बैल बी एखाद्या दिवशी बसते."

तिचं सगळं तेव्हा कळलं. वाडीपर्यंत विजेचा खांब नव्हता, डिझेलचा डबा ती सायकलला बांधून आणायची. योजनेचा अर्ज भरला होता, पण सातबारा अजून वारलेल्या सासऱ्याच्या नावावर, म्हणून परत आला. आणि नवा पंप घेणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. माझं सरकार आणि त्यांचा बाजार, दोघंही तिच्या वाडीच्या धुऱ्यापर्यंत येऊन परत फिरले होते.

"हा पंप आठ दिवस ठेवा," ते तिला म्हणाले. "जाहिरातीसाठी."

दोन महिन्यांनी मी विचारलं, "आठ दिवस झाले नाहीत का?"

"जाहिरात चालू आहे."

"हा बाजार झाला का?"

"बाजारच. तुमाले समजत नाही."

तसे काही लोक तिची वाडी पाहून आले आणि त्यांनी पंप घेतलेही. पुढे योजनेचे पंपही आले. ते बंद पडले की लावणारी माणसं फोन उचलत नसत, तेव्हा हेच पाना घेऊन जात. येताना मला सांगत, सरकारची सेवा करून आलो.

मग गुडघे गेले. दुकान विकून ते मुलीकडे रायपूरला गेले. निघायच्या आदल्या दिवशी बाईनं निरोप पाठवला, पंप काढून न्या म्हणून. त्यांनी मलाच उलटा निरोप द्यायला पाठवलं, की पाना हरवला आहे. पाना त्यांच्या खिशातच होता.

मागच्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो. सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट, समोर तेवढीच उंच इमारत. गॅलरीत ऊन जेमतेम तासभर येतं. ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. ऊन सरकलं की खुर्ची वीतभर सरकवत होते. हात स्वच्छ होते. इतके स्वच्छ मी कधी पाहिले नव्हते. बोलता बोलता ऊन कठड्याच्या कोपऱ्यात गेलं, तेव्हा त्यांनी स्वतः सरकायच्या ऐवजी माझी खुर्ची तिथे ओढली आणि म्हणाले, "बसा गुरुजी, थोडंसं उरलं आहे."