ताटातल्या सुपाऱ्या

वहिनीचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर नुकतंच वर केलं होतं. "भावजी, या बरं तुमी. हे उठंनात," एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. दादाचं घर आमच्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडं, पूर्णा स्टेशनच्या मागच्या अंगाला. मी चालतच गेलो. वाटेत एकानं शाबुदाणा आलाय का म्हणून विचारलं, त्याला हो म्हणालो आणि पुढं निघालो. दादा पहाटे कधीतरी झोपेतच गेला होता. जेवून जरा आडवं व्हावं, तसा चेहरा होता. अशा वेळी पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी काही सरकली नाही. मी खाटेच्या कडेला बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही. इतका थकलो होतो, की रडणंसुद्धा जड वाटत होतं... त्याला आता महिना होऊन गेला. थकवा आहे तसाच आहे.

मन्मथ गुरुजी म्हणून लोक त्याला ओळखायचे. माझा थोरला भाऊ. झरीच्या पुढं एका लहानशा गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, पहिली-दुसरीच्या पोरांना त्यानं नोकरीभर गणित शिकवलं. म्हणजे बाकीचंही शिकवलं असणार, पण जीव गणितात. पूर्णेहून सकाळच्या गाडीनं परभणी, तिथून मिळेल त्या जीपनं शाळा. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत सोड्याच्या बाटल्यांची बुचं, रिकाम्या काडेपेट्या, चिंचोके, फुटक्या बांगड्या. तो डब्यात शिरला की न बघता कळायचं. गाडीतले रेल्वेवाले त्याला खुळखुळा मास्तर म्हणायचे आणि तोही खुशाल ओ द्यायचा. यातला निम्मा माल माझ्या दुकानातून जायचा. चहाचे खोके, सुतळी, जुन्या तराजूची पारडी, काही म्हणून ठेवलं नाही. एकदा तर भरलेल्या काडेपेट्याच त्यानं रिकाम्या केल्या, सगळ्या काड्या एका डब्यात ओतून मला दिल्या आणि म्हणाला, आता सुट्या विक. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी वहिनीजवळ कुरकुरलो, तर ती म्हणाली, "तुमच्याकडं घोडंच आलंय भावजी. इथं आख्खा तबेला हाय."

आम्ही दोघं भाऊ गणित शिकलो ते वडिलांकडून, दुकानाच्या गादीवर बसून. पावकी, निमकी, दिडकी. चुकलं की पाठीत धपाटा. मला ते मानवलं. आजही झोपेतून उठवून विचारा, दिडकी घडाघडा म्हणून दाखवीन. दादाचं तसं नव्हतं. वडिलांचा हात उठायच्या आधीच त्याच्या घशात आकडे अडकायचे. मग त्यानं एक युक्ती काढली. सुतळीला गाठी मारून ती खिशात ठेवायची आणि गाठी चाचपून हळूच उत्तर द्यायचं. वडिलांना ती सुतळी सापडली तो दिवस मला अजून आठवतो, कारण मार त्याला पडत होता आणि पाढे म्हणत मी बसलो होतो. मास्तर झाल्यावर तो एकच सांगायचा, गणित पोराच्या हाताला आधी कळतं, तोंडाला मागून.

त्याची शाळा मी नीट अशी एकदाच पाहिली. गाडी चुकली म्हणून मोटरसायकलवर सोडायला गेलो आणि थांबलो. पटांगणात पोरांनी तुराट्यांचे तुकडे पसरले होते. खेळ असा, की फासा टाकायचा आणि पडेल तेवढ्या काड्या उचलायच्या. दहा झाल्या की दोरा गुंडाळून जुडी. सुट्या काड्या नवाच्या वर कुणाजवळ दिसल्या की तो बाद. दहा जुड्या झाल्या की मोळी. एका पोरीची मोळी सगळ्यांच्या आधी झाली, तर ती डोक्यावर घेऊन तिनं पटांगणाला फेरी मारली आणि बाकीची सगळी तिच्या मागं. एकक, दशक, शतक हे शब्द तोवर कुणी उच्चारलेलेच नव्हते. मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू. पण हेही वाटलं, की एवढं तर पाटीवर दोन मिनिटांत झालं असतं.

असं वाटणारा मी एकटा नव्हतो. मास्तर नुसतं खेळवायलेत, अशी गावात कुजबुज कायम असायची. त्यात एकदा अपूर्णांक शिकवायला त्यानं पोरांना कागदाच्या गोल चकत्या दिल्या आणि घड्या घालायला लावल्या. अर्धा, पाव, पावाचा अर्धा. त्या दिवशी गावातली निम्मी पोरं जेवताना भाकरीला घड्या घालत बसली. ज्वारीची भाकर, त्यातही सकाळची, तिची कसली घडी... दुसऱ्या दिवशी एक बाई शाळेत आली. तिची पोरगी घडी बसेना म्हणून रडत उपाशी झोपली होती. दादानं तिच्यासमोर स्वतःचे कान धरले. घरात भाकर असताना मी कागद कशाला आणला, असं म्हणाला. पुढच्या आठवड्यात घराघरातून भाकरी आल्या आणि मग त्याला शिकवायला फारसं उरलंच नाही, कारण चतकोर आणि त्याचा अर्धा नितकोर हे शब्द पोरांना आईच्या तोंडून आधीच येत होते. शेवटी सगळा धडा ठेच्याबरोबर खाऊन संपला.

निवृत्तीनंतर वर्षभरानं त्याला अर्धांगाचा झटका आला. परभणीला दवाखान्यात होता. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं. बोलणं हळूहळू परतलं. माणसांची नावं आली, गावांची आली, पूजेत म्हणायची वचनंसुद्धा सगळी आली. आकडे तेवढे आले नाहीत. आम्हाला ते उशिरा कळलं. दुकानात माझ्याजवळ बसला होता आणि गिऱ्हाइकानं चार नारळ मागितले. दादानं नारळांकडं पाहिलं, मग आपल्या बोटांकडं, मग माझ्याकडं. वडिलांसमोर बसल्यावर त्याचा चेहरा असाच व्हायचा. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कधी परत येतात, कधी नाही येत, रोज सराव करून घ्या. घरी आल्यावर दादानं माझा हात धरला. "मला वीसपर्यंत आणून दे इसू. पुढचं न्हाई आलं तर चालंल." वीसपर्यंत म्हणजे पहिलीतलं पोर. त्याच्या शाळेतल्या मॅडम, ज्या त्याच्याच हाताखाली तयार झाल्या, त्याला पोरांकडं या म्हणून बोलवत होत्या. आकडे आल्याशिवाय शाळेची पायरी चढणार नाही, असं त्यानं धरून ठेवलं होतं.

मग रोज संध्याकाळी दुकान बंद करून मी त्याच्याकडं जायला लागलो. त्याचेच खेळ त्याच्यावर. चिंचोके त्या लुळ्या हातात धरवेनात, म्हणून दुकानातल्या सुपाऱ्या नेल्या. खाटेवर पितळी ताट, शेजारी सुपाऱ्यांचा डबा. मी आकडा सांगायचा, त्यानं तेवढ्या सुपाऱ्या ताटात मांडायच्या. दोन जमायला पंधरवडा गेला. तीन जमले आणि मध्ये ताप आला, तर दोनसुद्धा गेले. कमी पडली की माझा हात आपसूक डब्याकडं जायचा, आणि तो डाव्या हातानं माझा हात बाजूला सारायचा. भलं करायला गेलं तरी कुणाला पटत नाही, असं मी मनात म्हणायचो. दिवसभर तोलून, मापून, बोलून डोकं उठलेलं असायचं, आणि वर हे पाच सुपाऱ्यांचं दुकान. कितीदा वाटलं, आज जाऊ नये. कितीदा वाटलं, माणूस बोलतोय, चालतोय, मग चार आणि पाच कळले नाहीत म्हणून काय बिघडलं? पण त्याचं बिघडलं होतं. ते मला दिसत होतं, म्हणून मी जात होतो.

एक दिवस मॅडम घरी आल्या आणि त्याला गाडीत घालूनच घेऊन गेल्या. मीही गेलो. पोरं नवीन, त्यातलं कुणी त्याला ओळखत नव्हतं. तो सतरंजीवर बसला, पुढं सुपाऱ्या ओतल्या, आणि त्याच्या कपाळावर घाम आला. मॅडम पोरांना म्हणाल्या, "आपले गुरुजी मुद्दाम चुकतात बरं का. तुमी त्यांना पकडायचं." ही त्याचीच जुनी रीत. पोरांनी आपली चूक धरावी म्हणून तो वर्षानुवर्षं खोटं खोटं चुकत आला होता आणि मॅडमनी ते जवळून पाहिलं होतं. दादानं त्यांच्याकडं एकदा बघितलं. मग सहा सुपाऱ्या मांडून म्हणाला, हे नऊ. वर्ग उसळला. चुकलं, चुकलं! एक पोरगी पुढं सरकून बसली, त्याचं बोट धरलं आणि एकेका सुपारीवर टेकवत मोजून दाखवलं. पुन्हा मांडा म्हणाली. पुन्हा चुकला. पोरं हसून लोळत होती, आणि मॅडम फळ्याकडं तोंड करून उभ्या होत्या. मला तिथं बसवेना, मी बाहेर जाऊन गाडीला टेकून राहिलो.

परतताना तो "कुणाला कळलं न्हाई," म्हणाला. परभणी जवळ आल्यावर पुन्हा बोलला. "पोरीनं मला सहापर्यंत आणलं इसू."

आणि खरंच सहा टिकले. पुढं सात आले. आठ आले. नवाला मात्र गाडी अडली. कधी सात व्हायचे, कधी अकरा. तब्येतही उतरत चालली होती, संध्याकाळी डोळे मिटायचे. शेवटच्या संध्याकाळीही मी नऊच सांगितले होते. त्यानं पहिली सुपारी उचलली आणि मला फोन आला, मालाचा टेम्पो दुकानापुढं येऊन उभा होता. मी उठू का, बसू का करायलो, तसा तोच म्हणाला, "तू जा. मी मांडतो सावकाश."

आमच्यात माणसाला बसवून माती देतात. अंगाला भस्म लावून, गळ्यात लिंग तसंच ठेवून, आमच्या शेताच्या कडेला त्याला बसवला. मॅडम आल्या होत्या. सगळं उरकून घरी आलो तेव्हा वहिनीनं खाट आवरली होती, पण ताट उचललं नव्हतं. खिडकीत ठेवून वर तिच्या जुन्या पदराचा धुतलेला तुकडा झाकला होता. तिनं मला विचारलं, "नऊ हायेत का भावजी? मला बघवलं न्हाई." मी फडकं काढलं. मोजायला नजर पुरली असती, पण मी बोट टेकवत मोजलं, आणि पुन्हा एकदा मोजलं. आठ होत्या. एका ओळीत, सारख्या अंतरावर, आणि ओळीच्या टोकाला एका सुपारीपुरती जागा मोकळी. मी वहिनीला खरं तेच सांगितलं. ती भिंतीला टेकून खाली बसली, आणि तेव्हा कुठं मला रडू आलं.

ताट अजून खिडकीत आहे. वहिनी सकाळी एकेक सुपारी उचलून खालची धूळ पुसते आणि जिथली तिथं ठेवते. मी संध्याकाळी शटर ओढलं की पाय तिकडंच वळतात. चहा घेतो, थोडं बसतो. डबा तिथंच शेजारी आहे, सुपाऱ्यांनी भरलेला. नववी कुणी मांडत नाही. ती दादाला मांडायची होती.